पोशा आणि पाच घरांचं रेडकू

पोशाच्या खाकी चड्डीला दोन खिसे होते आणि दोन्ही वरून शिवून टाकलेले होते. पांढऱ्या दोऱ्याचे, दाभणानं घातलेले जाड टाके. आमच्या अंगणात तो पहिल्यांदा आला तेव्हा सखाची नजर आधी तिकडे गेली.

"खिसं का रं शिवलंस? भोक पडलंय का?"

"नाय दादा. रिकामंच ऱ्हावं म्हणून शिवलंय."

सखानं माझ्याकडे पाहिलं. ज्याला खिसे शिवावे लागतात त्याच्या खिशात कधीतरी काहीतरी गेलेलं असणार, असं ते पाहणं होतं. मलाही तेव्हा तसंच वाटलं. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटलं ते खरं.

ही गोष्ट एकोणीसशे सत्तर सालच्या वैशाखातली. पोशाबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. ते दिवस पाहिलेली बाकीची माणसं आता राहिली नाहीत, म्हणून मी लिहितो आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

चौक गावाच्या अलीकडे मुंबईच्या एका पारशी शेठजींची चिकूची बाग होती. शेठजी थकले, बाग विकली, आणि बागेतलं सामानही विकायला काढलं. त्यात एक लहान इंग्लिश ट्रॅक्टर होता. लहान म्हणजे दोनच चाकं, मागे दोन लांब दांडे, आणि ते धरून माणसानं चालायचं. कप्पीला दोरी गुंडाळून हिसडा दिला की इंजिन सुरू व्हायचं. पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर घ्यायचं. कधीकाळी त्याला हिरवा रंग असावा. आमच्याकडे आला तेव्हा तो शेणाच्या रंगाचा झाला होता आणि चिखलात घातला की फुरफुरायचा. आम्ही त्याला रेडकू म्हणायला लागलो.

रेडकू आम्ही पाच घरांनी मिळून घेतलं. मोरू आबा वयानं मोठे. माझा चुलतभाऊ सखा आवाजानं मोठा. कान्हा शेजारचा. धोंडूबाई विधवा, पण स्वतःची जमीन स्वतः कसणारी, आणि तिच्या तोंडाला सखासुद्धा वचकून असायचा. पाचवा मी. पहिल्या वर्षी शेठजींच्या बागेतला माळी चार दिवस येऊन राहिला, त्यानं रेडकू चालवून दाखवलं. खाचरात चिखलणी अशी झाली, की बैलांना नुसतं बांधावर उभं राहून बघायचं काम उरलं.

पुढची चूक आमची. ती दुसऱ्या कुणी केली असती असं मला वाटत नाही.

आमच्याकडे सामायिक औताची एक जुनी रीत होती. दोन-तीन घरांत मिळून औत असलं की जू एकाकडे ठेवायचं, नांगर दुसऱ्याकडे, दोर तिसऱ्याकडे. म्हणजे कुणी एकट्यानं पहाटे उठून आधी आपलं शेत उरकून घेऊ शकत नाही. दुसऱ्याच्या दारात जावंच लागतं. रीत वाईट नव्हती. पावसाळा संपल्यावर रेडकाच्या बाबतीतही आम्ही तेच केलं. इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर मोरू आबांकडे. प्लग धोंडूबाईकडे. दोरी गुंडाळायची कप्पी सखाकडे. टाकी कान्हाकडे. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो माझ्याकडे. धड मोरू आबांच्या गोठ्यात, त्यावर कोंबड्या बसायच्या.

नांगराचं लाकूड वेगळं ठेवलं तर त्याचं काही बिघडत नाही. इंजिनाचं बिघडतं, हे आमच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या वर्षी सगळं जोडलं, दोरी ओढून खांदे दुखले, रेडकू हूं की चूं करेना. तिसऱ्या वर्षीही तेच. तोपर्यंत प्रत्येक घराची खात्री झाली होती, की बाकीच्या चारांतल्या कुणीतरी काहीतरी केलं आहे.

तेव्हा कान्हानं पोशाचं नाव काढलं. माथेरानच्या डोंगराखालच्या ठाकरवाडीतला माणूस. चौक गावातल्या एका गॅरेजात बारा वर्षं होता, आता गावोगाव फिरून पाण्याचे पंप दुरुस्त करतो, एवढं कान्हाला ढाब्यावर कळलं होतं.

पोशा आला. चाळिशीचा, बारीक, काळा. बोलताना माणसाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायचा. त्यानं रेडकाभोवती दोन फेऱ्या मारल्या, कोंबड्यांची घाण बोटानं खरवडली आणि म्हणाला, "हुईल. मजुरी द्याल ती द्या. पन मला कागद पायजे."

"कसला कागद?" मोरू आबांनी विचारलं.

तेव्हा त्यानं सांगितलं. नदीवर सरकारी पंप बसणार होता. त्याला कायमचा पंपवाला हवा होता. तिथल्या साहेबानं पोशाचं काम पाहिलं होतं आणि त्याला ठेवायचं मनात आणलं होतं. पण कुणीतरी साहेबाच्या कानात जुनी गोष्ट घातली होती. गॅरेजात असताना एका ट्रकचा डिझेलपंप नाहीसा झाला, संशय पोशावर आला, पोलीस पाटील वाडीवर गेला, झोपडीतली मडकी फोडून बघितली. आठ दिवसांनी तो पंप ट्रकवाल्याच्याच केबिनमध्ये गोणपाटाखाली सापडला. ते पोशाला कुणी कळवलंसुद्धा नाही. पाटलाच्या वहीत नाव लिहिलं गेलं ते तसंच राहिलं.

"सायेब म्हनला, जमीनवाल्या गावाचा कागद आन. तू काम केलंस आन् कायबी गेलं नाय, आसा. पाच घरांचा आंगठा. मग ठेवतो."

"आन् काय गेलं तर?" सखानं विचारलं.

"तर मी कागद मागनार नाय," पोशा म्हणाला.

तो गेल्यावर आम्ही बसलो. ज्याला चोर नसल्याचा कागद लागतो तो माणूस कसा असेल, यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं, काम द्यायचं, पण कुणीतरी दिवसभर त्याच्यावर नजर ठेवायची.

"पदूला बसवा," धोंडूबाई म्हणाली. "त्यो बोलत नाय. म्हंजी बघत तरी आसंल."

अशी ती राखण माझ्याकडे आली.

पोशानं कामाला छपराखालची जागा घेतली नाही. मोरू आबांचं खळं मागितलं. खळं म्हणजे भात झोडायची सारवलेली उघडी जागा. तिथं सुई पडली तरी दिसते. सकाळी तो यायचा, डोक्याचं फडकं आमच्यासमोर झटकायचा आणि मध्यभागी बसायचा. पाची घरांनी आपापलं सामान आणून द्यायचं, ते तो पळसाच्या पानांवर वेगवेगळं मांडायचा. संध्याकाळी ज्याचं त्यानं परत न्यायचं. ही पद्धत त्याचीच होती, आमची नव्हती. आणि म्हणूनच आम्हाला ती जास्त संशयाची वाटली. इतका सांभाळून वागणारा माणूस कशासाठी सांभाळतोय?

पहिल्याच सकाळी एक प्रकार झाला.

पोशानं प्लग हातात घेतला, नाकाशी नेला. "ह्यो मिठात व्हता."

धोंडूबाईचा चेहरा बदलला. "तुला कुनी सांगितलं रं?"

"त्येनंच. लोखान बघा कसं खाल्लंय."

मग त्यानं कार्बोरेटर हलवला. आतून पिठासारखी धूळ पडली आणि त्यात दोन-तीन बारीक पंख. "ह्यो भाताच्या कनगीत व्हता, आबा. कनगीला पाकोळ्या झाल्यात. भात खालून उपसून बघा."

मोरू आबा उठून घरात गेले आणि गंभीर होऊन बाहेर आले. पाकोळ्या झाल्याच होत्या.

कान्हाची टाकी त्यानं नुसती हुंगली आणि पहिल्यांदा हसला. "ह्यात करंजाचं त्याल व्हतं."

"आरं कान्हा!" सखा ओरडला. "रेडकाच्या टाकीत दिव्याचं त्याल? तरीच तुज्या घरात उजेड पडत नव्हता!"

"बायकांनी ठेवलं आसंल," कान्हा पुटपुटला. "मला काय ठाव."

माझा मॅग्नेटो त्यानं शेवटी घेतला. त्याला काजळी होती. "हे चुलीवरच्या शिंक्यात व्हतं. कोरडं ठाक हाय. हेच येक धड राखलंय."

मला उगाच बरं वाटलं. पण संध्याकाळी सामान परत नेताना सखा माझ्या कानाशी लागला. "पदू, लक्षात आलं का? ह्यो मानूस आपल्या कुनाच्या घरात गेला नाय, तरी कुठल्या घरात काय कुठं ठेवतात त्ये सगळं त्येला ठाव झालं. उद्या येऊन नीट हात घालंल."

खरं तर त्या माणसानं मोरू आबांचं भात वाचवलं होतं. पण आम्ही ते तसं धरलं नाही. त्या संध्याकाळी धोंडूबाईनं मिठाचं मडकं जागेवरून हलवलं. त्या मडक्यात प्लग एकटा नव्हता, हे आम्हा चौघांना तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी पोशानं इंजिनाचं डोकं उतरवलं. आतली काजळी बांबूच्या कामटीनं खरवडली, लोखंडी हत्यार लावलं नाही. घट्ट बसलेल्या रिंगा रॉकेलमध्ये भिजत ठेवल्या. व्हॉल्व्ह घासायला बसला तो दुपार टळेपर्यंत घासत होता. दोन्ही तळव्यांत काठी धरून ताक घुसळावं तसं. मी खळ्याच्या कडेला दगडावर बसून वाखाचा दोर वळत असल्याचं सोंग करत होतो. दोर दोन हातही झाला नव्हता.

"पदूदादा," तो मान वर न करता म्हणाला, "दोर उलटा वळताय तुमी."

मी खाली बघितलं. खरंच उलटा होता.

"वळा, वळा. मला काय तरास नाय. कुनी बघत आसलं का माजं काम बरं होतं. कुनी नसलं का भ्या वाटतं."

तिसऱ्या दिवशी मॅग्नेटो उघडायचा होता. पोशानं तो मांडीवर घेतला, एकेक पेच काढून पानावर ठेवला, झाकण उचललं आणि थांबला. बराच वेळ आत बघत राहिला. मग पानावर मॅग्नेटो ठेवून दोन्ही हात उघडे करून गुडघ्यांवर ठेवले.

"पदूदादा, हाका मारा सगळ्यांस्नी."

मी हाका मारल्या. सगळे आले.

"ह्यात कार्बन नाय," पोशा म्हणाला. करंगळीच्या नखाएवढी कोळशाची कांडी असते, तिच्यामागे बारीक स्प्रिंग. ती नसली तर ठिणगी प्लगापर्यंत पोचत नाही.

"नाय म्हंजी?" सखा पुढे आला. "काल व्हता का?"

"काल उघडलाच नव्हता. आज उघडला तर नाय."

"आत्ता तू उघडलास, आन् आत्ता नाय!" सखा माझ्याकडे वळला. "पदू, तू हितं बसला व्हतास. बोल. उघडताना आत कार्बन व्हता का नव्हता?"

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. खरं म्हणजे ती आधीच सांगायला हवी होती.

मोरू आबांच्या कणगीतल्या कार्बोरेटरमधला जेट माझ्याकडे होता. जेट म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक असलेला पितळी खिळा. तो कसा काढायचा ते माळ्याकडून मी पाहिलं होतं. आबांकडे कणगी भरायला मदतीला गेलो असताना, घरात कुणी नाही असं बघून मी तो काढून घेतला होता. का, तर त्या आठवड्यात सखा आणि आबा पारावर हळू आवाजात बोलत बसले होते आणि मी गेल्यावर गप्प झाले होते. मला वाटलं, हे दोघं मिळून आपली शेतं आधी उरकणार. जेट माझ्याजवळ असला म्हणजे माझ्याशिवाय रेडकू चालणार नाही. दोन वर्षं तो माझ्या देवघरात हळदीच्या कोयरीत होता.

तिसऱ्या दिवसापर्यंत पोशानं कार्बोरेटर उघडला नव्हता. तो उघडला की जेट नाही हे दिसणार होतं. पण पोशा त्याआधीच चोर ठरला तर जेटही त्याच्याच नावावर जाईल, हे माझ्या मनात एका क्षणात आलं. मी इतका हुशार कधीच नव्हतो, आणि नेमका त्या क्षणी झालो.

"मला दिसलं नाय," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. झाकण उचललं तेव्हा मी पोशाच्या शिवलेल्या खिशांकडे बघत होतो. पण ते मी ज्या आवाजात म्हणालो, त्याचा अर्थ सगळ्यांनी जो घ्यायचा तोच घेतला. मीही घेऊ दिला.

"पाटलाला बोलवा," सखा म्हणाला. "ह्याची ठाकरवाडी पुन्यांदा उलथीपालथी करू दे."

पोशा हलला नाही. एवढंच म्हणाला, "बोलवा. पन त्येच्या आगूदर ह्यो पेच बघा."

त्यानं झाकणाचा एक पितळी पेच चिमटीत धरून वर केला, आणि नेमका माझ्यापुढे.

"पदूदादा, तीन दिस तुमी माजं हत्यार बघताय. माज्या पेचकसाचं टोक कसं हाय?"

"सपाट," मी म्हणालो.

"आन् ह्या पेचाला चरा कसला हाय?"

पेचाच्या खाचेतून एक चरा तिरपा बाहेर गेला होता. एखादं टोकदार हत्यार घसरल्यासारखा.

"विळ्याच्या टोकाचा."

"मोठ्यानं बोल रं," धोंडूबाई म्हणाली. "कोंबडीगत कुकू करू नगंस."

"विळ्याच्या टोकाचा!" मी म्हणालो. आवाज जास्तच मोठा आला.

"आन् रंग?"

मी बोलायच्या आधीच धोंडूबाईनं पेच त्याच्या हातातून घेतला, उन्हात धरला. "आत हिरवं झालंय. माजी समई येक पावसाळा घासायची ऱ्हायली का आशीच हिरवी पडते. ह्यो चरा आजचा नाय. कालचाबी नाय. दोन पावसाळं तरी झालं आसतील."

मॅग्नेटो दोन पावसाळे माझ्या घरात होता. आता सगळे माझ्याकडे बघत होते. कार्बन मी खरंच घेतला नव्हता. पण जेट घेतला होता, त्यामुळे मला 'मी नाही' असं तोंड वर करून म्हणता येईना. सखा मात्र माझ्याकडे बघत नव्हता. तो समोरच्या आंब्याकडे बघत होता. आंब्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"माज्याकडं पाव्हनेरावळे येतात," मी कसाबसा म्हणालो. "गनपतीला निम्मं गाव येतं."

"मी आलो व्हतो म्हंतोस?" कान्हा लगेच.

"तुजं नाव घेतलं का मी?"

"मंग कुनाचं घेतलंस?"

मोरू आबा उठले. "माज्या खळ्यावर भांडू नका."

पोशानं धोंडूबाईच्या हातातला पेच परत घेऊन पानावर ठेवला. आता तो म्हणाला, "मला नाव नको कुनाचं. मला कार्बन पायजे. उद्या सकाळी पाची घरांनी या. आपापलं सामान आपल्या हातानं धुवायचं."

दुसऱ्या दिवशी खळ्याच्या मध्यभागी एक घमेलं ठेवलेलं होतं. त्यात तीन दिवसांचं, सगळी काजळी आणि ग्रीस धुतलेलं रॉकेल होतं. डांबरासारखं काळं. बोट बुडवलं तर बोट दिसत नव्हतं. पोशानं सगळे नट, बोल्ट, पेच त्यात टाकले होते. तो स्वतः लांब खळ्याच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसला, हात डोक्यावर ठेवून.

"येकेकानं या," तो तिकडूनच म्हणाला. "हात कोपरापर्यंत घाला. तळाला बारीक सामान हाय, त्ये नीट चोळा. घाई करू नका."

मोरू आबा पहिले गेले. मग धोंडूबाई, पदर खोचून. मग कान्हा. मग सखा, तो बराच वेळ चोळत होता. शेवटी मी. माझ्या मुठीत जेट होता. मी हात घातला, मूठ उघडली, आणि हात बाहेर काढला तो सगळ्यांच्या हातांसारखाच काळा होता.

पोशा उठून आला. जुनं धोतर चार पदरी करून दुसऱ्या घमेल्यावर ताणलं आणि मोरू आबांना टोक धरायला लावलं. काळं रॉकेल हळूहळू गळून गेलं. फडक्यावर सामान उरलं. पोशानं बोटानं नट बाजूला केले, बोल्ट बाजूला केले. मग एक कांडी, मागे स्प्रिंग असलेली. कार्बन.

"मिळाला!" कान्हा म्हणाला.

पोशाचं बोट अजून फिरत होतं. त्यानं पितळेचा एक बारीक खिळा वेगळा काढला. जेट. आणि मग एक पितळी जाळी, नखाएवढी गोल. ती कान्हाच्या टाकीच्या चावीतली, म्हणजे तोटीतली, पेट्रोल गाळायची होती.

हरवली होती एक वस्तू. फडक्यावर तीन निघाल्या.

पहिली हसली धोंडूबाई. "मेल्यांनो!" ती म्हणाली आणि काळा हात कपाळाला लावून घेतला, तिथं डाग उमटला. "समदेच निघालात की रं!" मग मोरू आबा हसले. सखा हसला नाही. मी हसल्यासारखं केलं.

आत्तापर्यंत कार्बोरेटर आणि टाकीची चावी पोशानं उघडलीच नव्हती. जेट आणि जाळी त्यानं पानावर वेगळी ठेवली. मग एवढंच म्हणाला, "आज मिळाल्या त्ये बरं झालं. न्हायतर माजं नाव आनखी दोनदा आलं आसतं."

तेव्हा मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.

जेट माझा होता हे मी आज लिहितो आहे. कार्बन कुणाचा आणि जाळी कुणाची, हे आजतागायत बाहेर आलेलं नाही. मला सखाचा संशय आहे. सखाला शेवटपर्यंत माझाच होता. धोंडूबाईनं इतकं मोकळं हसावं, हेही मला नंतर कधीकधी खटकलं.

सहाव्या दिवशी रेडकू जोडून झालं. पोशानं प्रत्येक घराला एकेकदा दोरी ओढायला लावली. आबांना ओढवेना, कान्हाच्या वेळी नुसता धूर आला, आणि धोंडूबाईनं ओढली तेव्हा ते खोकललं, शिंकलं आणि धडधडायला लागलं. गोठ्यातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. पोशा कान लावून ऐकत होता. पेचकसानं एक पेच अर्धा फेरा फिरवला, तेव्हा आवाज एकसारखा झाला. त्या आवाजात तो उभा असताना मी पाहिलं, त्याच्या मानेच्या शिरा सैल झाल्या होत्या.

मग कागद. लिहिता येत होतं ते मलाच. सखा सांगायला पुढे सरसावला. "लिही, पोशा ठाकर यानं आमची कायबी चोरी केली नाय."

"न्हाय दादा," पोशा लगेच म्हणाला. त्या सहा दिवसांत तो पहिल्यांदाच कुणाचं बोलणं तोडून बोलला. "चोरी ह्यो शबुद कागदावर नको. सायेब वाचंल आन् म्हनंल, चोरीची गोष्ट निगालीच कशापायी?"

"मग काय लिवायचं?" सखा चिडला. "गेलं नाय आसं तरी लिवायला नको का? तूच मागितलंस."

"गेलं नाय आसंबी नको. सामान जेवढं व्हतं तेवढं हाय, आसं लिवा."

मोरू आबा हळूच म्हणाले, "व्हतं त्याच्याहून जास्तच निघालं," आणि पुन्हा हसू फुटलं.

मी लिहिलं. 'पोशा याने आमच्या पाच घरांचे इंजिन सहा दिवस काम करून दुरुस्त केले. सामान जेवढे होते तेवढे आहे. इंजिन चालते. आम्ही त्याला पुढेही बोलावू.' शेवटची ओळ मला कुणी सांगितली नव्हती. ती मी माझ्या मनानं घातली. खाली तारीख घातली. अंगठ्यांना शाईची गरज पडली नाही, सगळ्यांचे काळेच होते. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. पोशानं कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, बराच वेळ बघितला आणि डोक्याच्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेला.

त्या संध्याकाळी आम्ही प्लग, कप्पी, टाकी, कार्बोरेटर, मॅग्नेटो सगळं पुन्हा सोडवून आपापल्या घरी नेलं का, असं कुणी विचारलं तर उत्तर हो असं आहे. फक्त धोंडूबाईनं प्लग या खेपेला मिठात ठेवला नाही. पुढे सात पावसाळे रेडकू चाललं ते दर वैशाखात पोशा येऊन ते पाच घरांतून गोळा करायचा म्हणून.

पण कागदाचं सांगायचं राहिलं. आठ दिवसांनी पोशा माझ्या दारात आला. मी एकटाच होतो. तो ओट्याखाली उभा राहिला.

"पदूदादा, कागद बराबर हाय."

"म्हंजी?"

"वाचून घेतला. तीन जागी." तो माझ्या हातांकडे बघत होता. "मला वाचता येत नाय. तुमी काय वाचून दावलंत त्ये मी आयकलं, पन काय लिवलंय त्ये मला कुठं ठाव? म्हून आधी चौकात पानवाल्याकडनं वाचून घेतला. पन त्यो सखादादाच्या वळखीचा. मग भिवपुरीला बिजलीघराच्या चाळीत येक कारकून हाय, त्येच्याकडनं. पन त्येनं लय भराभरा वाचलं. मग माथेरानच्या वाटंवर येक मुंबईचा पाव्हना भेटला, घोड्यावर. त्येला घोडा थांबवाय लावला. त्येला तुमी ठाव नाय, मीबी ठाव नाय. त्येनं वाचलं त्ये खरं."

"आन्?"

"तिगांनीबी त्येच वाचलं. मग दिला सायबाला. सोमवारपासनं पंपावर."

मला राग आला नाही. यायला हवा होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. मी त्याला वर बसायला सांगितलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "त्या मुंबईच्या पाव्हन्यानं काय वाचलं?"

पोशा ओट्याच्या कडेवर टेकला. डोळे मिटले, आणि सगळा कागद म्हणून दाखवला. माझी पुस्तकी भाषा, जशी होती तशी, त्याच्या ठाकरी तोंडातून. सहा दिवस, सामान जेवढे होते तेवढे आहे, इंजिन चालते. शेवटची ओळ म्हणताना तो थोडा थांबला. मग तीही म्हणाला, तारखेसकट.